मी तर घेत नाही

आपल्या मंदिरात संध्याकाळची आरती झाली की गुरुजी पळीनं तीर्थ देतात. उजवा हात पुढे करायचा, तीर्थ घ्यायचं, हात डोळ्यांना नि मस्तकाला लावायचा. लहानपणापासूनची सवय. गेल्या 31 डिसेंबरला मी असाच आरतीहून घरी परतत होतो. आमच्या सोसायटीच्या जिन्यात तरुण मंडळी खुर्च्या वर चढवत होती. त्यांतला एक हसत म्हणाला, "काका, तुमचं तीर्थ झालं, आमचं रात्री गच्चीवर!" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन देवघरापुढे बसलो आणि ते हसणं टोचायला लागलं. दारूला तीर्थ म्हणणं काही नवं नाही, माझ्या तरुणपणीही म्हणायचे. टोचलं ते माझं हसणं. मी आयुष्यभर असाच हसत आलो आहे.

वाचकहो, लिहिणं हा माझा प्रांत नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि सदतीस वर्षं खतावण्या जुळवण्यात गेली. दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही. माझं लग्न ठरताना वडिलांनी मुलीकडच्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, मुलगा बँकेत आहे आणि निर्व्यसनी आहे. याचा मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू. कोणी दारूचा विषय काढला की मी म्हणायचो, "आपण नाही बुवा घेत." एवढं म्हटलं की आपलं खातं कोरं, असा माझा समज होता. तो समज खरा की खोटा, एवढंच मला या लेखात तपासायचं आहे.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोल्हापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या शाखेत होतो. आमचा कॅशियर माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, हाताचा स्वच्छ, नोटा मोजायला लागला की बघत राहावं. दत्तभक्त. पौर्णिमेला आम्ही दोघं एसटीनं नरसोबाच्या वाडीला जायचो, संगमावर स्नान करून पादुकांचं दर्शन घ्यायचो. गुरुवार तो कडक पाळायचा. आणि प्यायचा. रोज नाही. पगार झाला की दोन दिवस, अमावास्येला एक दिवस, कोणाची बदली-बढती झाली की त्या दिवशी. पण बसला की उठायचा नाही. दुसऱ्या दिवशी कॅश उघडताना हात कापायचे, तेव्हा मी शेजारी बसून बंडलं मोजून द्यायचो. संध्याकाळी शंभराची तूट आली तर दोघं मिळून भरायचो. मॅनेजरसाहेबांनी विचारलं तर मी सांगायचो, "त्याला बरं वाटत नाही." मैत्री होती ना.

"मी काय बेवडा आहे का? रोज पितो का?" असं तो म्हणायचा आणि आम्हाला ते पटायचं. आपल्याकडे दारुडा म्हणजे रोज पिऊन गटारीत पडणारा, अशी व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या निराळी आहे, ती मला निवृत्तीनंतर कळली. महिन्यातून एकदा जरी एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं, तर ते घातक पिणं. मी हिशेबाचा माणूस, लगेच कागद घेतला. क्वार्टर म्हणजे 180 मिलिलिटर. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे 77 मिलिलिटर अल्कोहोल, त्याचं वजन जवळजवळ 61 ग्रॅम. एक क्वार्टर! ज्याला लोक "थोडीशी घेतली" म्हणतात, तीच ती. यकृत साधारण तासाला एक लहान पेग निचरतं. म्हणजे रात्री बाराला संपवलेली क्वार्टर उतरायला सकाळ उजाडते. लिंबू, ताक, कडक कॉफी, डोक्यावर गार पाणी, यांनी माणूस जागा राहतो, दारू काही लवकर निघत नाही. हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी वेगळं वागलो असतो असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

1986 साली त्यानं कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून सहा हजारांचं कर्ज काढलं. कारण लिहिलं, घराची कौलं बदलणे. दोन जामीनदार लागत, त्यांतला एक मी. फॉर्म पुढे आला, मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. पैसे कशाला लागतायत याचा अंदाज मला होता. गावातल्या परमिट रूमची उधारी किती झाली आहे हे शाखेतल्या शिपायालासुद्धा माहीत होतं.

पुढच्या वर्षीचा 31 डिसेंबर गुरुवारी आला. त्या वेळी बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. आजच्या मंडळींना 'थर्टी फर्स्ट' म्हणजे पार्टी, आम्हाला म्हणजे क्लोजिंग. व्याज लावायचं, बॅलन्सिंग करायचं, मध्यरात्र व्हायची. काम आटोपलं की शाखेतर्फे जेवण. त्याची वर्गणी डोई वीस रुपये. जेवणात काय काय असायचं ते सर्वांना माहीत होतं. मी गोल्ड स्पॉट प्यायचो, पण वर्गणी पूर्ण वीसच द्यायचो, उगाच वेगळेपणा कशाला दाखवा. त्या रात्री तो बारा वाजेपर्यंत पाण्याचा ग्लास घेऊन बसून राहिला. गुरुवार ना! घड्याळात बारा वाजले तसा म्हणाला, "चला, शुक्रवार लागला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या निष्ठेचं कौतुक झालं. मीही केलं.

दीडच्या सुमारास तो निघाला. स्कूटर तिरकी करून किक मारायची त्या काळची पद्धत. त्याला ती स्टँडवरून काढता येईना, तोल जात होता. मी पुढे झालो, स्कूटर स्टँडवरून काढून दिली, तिरकी धरली. तिसऱ्या किकला सुरू झाली. "सावकाश जा रे," म्हणालो. पाच किलोमीटरवर त्याचं गाव. वाटेत ऊस भरलेली ट्रॉली दिव्याशिवाय उभी होती. हंगामात अशा ट्रॉल्या उभ्या असतातच.

स्कूटरची ही गोष्ट मी आजवर घरातसुद्धा सांगितली नव्हती. सांगत आलो ती पुढची गोष्ट. त्याच्या हक्काच्या पैशातून बँकेची कर्जं वळती झाली, पतपेढीचं राहिलं ते आम्हा जामीनदारांच्या माथी आलं. माझ्या पगारातून महिना 120 रुपये, बत्तीस महिने. 3,840 रुपये. हा आकडा मी नातेवाइकांना, सहकाऱ्यांना किती वेळा ऐकवला असेल! मित्राचं कर्ज फेडलं, हे ऐकून लोक मान डोलवायचे.

दोन वर्षांनी वहिनी घरी आल्या. त्यांना अनुकंपेवर नोकरी लागली होती. पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढले आणि म्हणाल्या, "हळूहळू सगळे देईन." मी अर्थातच घेतले नाहीत. चहा झाला. निघताना दारात थांबल्या. "भाऊजी, कौलं कधी बदललीच नाहीत. या पावसातही गळतंय. तुम्हाला ठाऊक होतं ना, पैसे कशाला हवे होते ते?" आवाजात राग नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो. त्या "येते" म्हणून गेल्या.

बी.कॉम.ला मर्कंटाईल लॉ होता. 1872 चा भारतीय करार कायदा, कलम 128. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. परीक्षेत हे मी चार ओळींत लिहून गुण मिळवले होते. आता वाटतं, दारूच्या बाबतीत आपण सगळे न पिणारे असेच जामीनदार आहोत. केंद्र सरकारनं एम्सकडून केलेली देशव्यापी पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तीत 10 ते 75 वयाच्या लोकांत पिणारे 14.6 टक्के निघाले. म्हणजे शंभरात पंचाऐंशी घेत नाहीत. ज्यांना मदतीची गरज आहे असे मात्र पाच कोटींहून जास्त. पंचाऐंशी माणसं न पिणारी असताना लग्नाच्या वरातीत, विसर्जनाच्या मिरवणुकीत, निवडणुकीच्या आदल्या रात्री चलती कोणाची असते? पंचाऐंशी जणांनी वर्गणी पूर्ण दिल्याशिवाय हे चालतं का?

यावर आमच्या सत्संगातल्या एका ज्येष्ठांनी मला सरळ सांगितलं, "ज्याचं त्याचं प्रारब्ध. तुम्ही कशाला डोक्याला लावून घेता?" मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. प्याला ओठाला त्यानंच लावला, मी नाही. कायद्यातही जामीनदार उभा राहिला म्हणून कर्जदार सुटत नाही, मूळ देणं त्याचंच. पण प्रारब्धाचा हा दाखला आपण कधी काढतो ते बघावं. मुलाचे गुण कमी आले की शिकवणी लावतो, रक्तात साखर निघाली की गोळी घेतो, तिथे प्रारब्ध आठवत नाही. शेजाऱ्याच्या घरातून रात्री भांडी आपटल्याचा आवाज आला की बरोबर आठवतं.

आपल्या दत्तसंप्रदायात अवधूतांच्या चोवीस गुरूंची कथा कोणाला माहीत नाही? पृथ्वी, वायू, अजगर, पिंगळा, जिभेच्या लोभानं गळाला लागणारा मासा. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती आहे आणि नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं. माझं वाचन पोथीपुरतं, त्यामुळे एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. अवधूतांनी हा उपदेश केला कोणाला? यदुराजाला. आणि त्याच स्कंधात, तिसाव्या अध्यायात, यदूच्याच वंशातले यादव प्रभासक्षेत्री मद्य पिऊन एकमेकांना मारून संपतात. ज्याच्या कानात चोवीस गुरूंचं ज्ञान पडलं, त्याचंच कुळ. पोथी मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

महाभारताच्या मौसलपर्वात ही कथा आणखी तपशिलानं आहे. शाप मिळाल्यावर द्वारकेत दवंडी पिटली गेली की यापुढे कोणी मद्य तयार करायचं नाही, केलं तर नातलगांसह सुळावर. दारूबंदीच ती, आणि केवढी कडक! पुढे सगळे निघाले तीर्थयात्रेला, आणि बरोबर मद्य घेऊन. प्यायला बसल्यावर सात्यकीनं कृतवर्म्याला जुनं टोचलं, झोपलेल्या वीरांना मारणारा तू, म्हणून. युद्ध संपून छत्तीस वर्षं झाली होती. शब्दाला शब्द वाढला, कृतवर्म्याचं मस्तक उडालं, मग बाकीच्यांनी उष्ट्या भांड्यांनी सात्यकीला मारलं. मग एरका गवत. शापाची बात वेगळी, भगवंताची लीला भगवंताला ठाऊक. मला एकच प्रश्न पडतो. दवंडी झालेली होती, तर प्रभासला निघताना ते मद्याचे घडे गाड्यांवर चढवले कोणी? कोणी सेवक असेल. कदाचित त्यानं थेंबही घेतला नसेल.

आपल्या राज्यातही 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याखाली दारू प्यायला परवाना लागतो. पिणाऱ्यांतल्या कितींच्या खिशात तो असतो? राज्यघटनेच्या 47व्या कलमात मादक पेयांना बंदी करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं लिहिलं आहे, आणि दुसरीकडे जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात जे थोडे कर उरले त्यांत दारूचा कर मोठा. सरकारला नावं ठेवून मी मोकळा होणार नाही, कारण त्याच तिजोरीतून माझ्या गावचा रस्ता होतो. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली तेव्हा आपण हळहळलो. 'विषारी दारू' हा शब्दच बघा, जणू बाकीची निर्विष! आमच्या कॅशियरनं घेतली ती परवानाधारक दुकानातली, सीलबंद होती.

आणि आपण भाविक लोक? श्रावण पाळायचा म्हणून आषाढ अमावास्येला गटारी. खरं तर ती दीप अमावास्या. घरातले दिवे, समया घासूनपुसून पाटावर मांडायच्या, कणकेचे दिवे करायचे. एकाच तिथीला आई दिवे पुजते आणि मुलगा ढाब्यावर. "महिनाभर पीत नाही ना, मग झालं," असं आईच म्हणते. गुरुवार, श्रावण, माळ, उपास यांचा असा परवान्यासारखा उपयोग होतो. पाळणं वाईट नाही, मी स्वतः पाळतो. पण "बघ, गुरुवारी मला लागत नाही," असं जेव्हा तो म्हणायचा तेव्हा तो उरलेल्या सहा दिवसांसाठी साक्षीदार उभा करत होता, आणि साक्षीदार म्हणून दत्तमहाराजांना. आम्ही टाळ्या वाजवल्या. गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहून शंभरावर वर्षं झाली. सिंधूचे हाल बघून प्रेक्षक रडले, आणि त्या नाटकातून रोजच्या बोलण्यात काय उचललं, तर तळीराम हे विनोदी नाव. असो.

त्याच करार कायद्यात आणखी एक कलम आहे, 130. सततची हमी असेल तर नोटीस देऊन ती पुढच्या व्यवहारांपुरती मागे घेता येते. झालेल्या व्यवहारांची जबाबदारी राहतेच, ती जात नाही. पण पुढची थांबवता येते.

गेल्या 31 डिसेंबरला देवघरापुढे बसलो असताना हे कलम आठवलं. गच्चीवरच्या पार्टीची पाचशे रुपये वर्गणी मी चार दिवसांपूर्वीच देऊन बसलो होतो. "काका, तुमच्यासाठी कोल्ड्रिंक आहे," असं सेक्रेटरी म्हणाला होता. वर्गणी परत मागण्यात अर्थ नव्हता. साडेअकराला मी वर गेलो. सौ. म्हणाली, "या वयात कशाला? चार शब्द ऐकून याल." प्रसादाचा स्टीलचा डबा रिकामा होता, तो हातात घेतला. गाणी जोरात होती. मला बघून कोणीतरी ती कमी केली. मी म्हणालो, "आपल्या बिल्डिंगमधल्यांचं मी बोलत नाही, जिना उतरून तुम्ही घरी जाल. बाहेर जाणारे कोण कोण आहेत? त्यांनी गाडीच्या किल्ल्या यात टाका. सकाळी सातनंतर माझ्याकडून घ्या. रिक्षाचे पैसे मी देतो."

एकदम शांत झालं. एकजण हसला. मग ज्यानं तीर्थाचा विनोद केला होता त्यानंच पाहुण्यांकडे वळून म्हटलं, "टाका रे, काका ऐकणार नाहीत." तीन किल्ल्या पडल्या. चौथा मुलगा, आमच्याच एका मंदिरातल्या जुन्या भक्ताचा नातू, तावातावानं म्हणाला, "मी नेहमी चालवतो, मला काही होत नाही. तुम्ही कोण?" प्रश्न बरोबर होता. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा मी त्याला सांगणार होतो, पण तोंडून निघालं ते वेगळंच. म्हटलं, "मी एकदा एकाची स्कूटर स्टँडवरून काढून दिली होती." त्याला काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. पण माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, त्यानं किल्ली डब्यात फेकली आणि तोंड फिरवलं.

खाली आल्यावर सौ.नं विचारलं, "कोणाची स्कूटर?" त्या रात्री तिला सगळं सांगितलं. दोन वाजले.

सकाळी तिघं येऊन किल्ल्या घेऊन गेले, त्यांतला एक ओशाळून वाकून नमस्कार करून गेला. चौथ्याची किल्ली दुपारपर्यंत डब्यात होती. शेवटी त्याची आई आली. म्हणाली, "लाजतोय म्हणून मी आले." किल्ली घेतली, मुठीत धरून जरा वेळ उभी राहिली, पण काही बोलली नाही. मुलगा त्यानंतर मंदिरात दोनदा समोर आला. बोलत नाही अजून, मान खाली घालून जातो.

वहिनींचा पत्ता या वर्षी मी शोधून काढला. निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. पौर्णिमेला वाडीला जाणार आहे, येताना वाटेतच त्यांचं गाव आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. हो, मला ठाऊक होतं, एवढंच.